ज्याचा दावा, त्याचा पुरावा

"दावा तुमचा आहे, भालूकाका. मग पुरावाही तुम्हीच द्यायला हवा."

शलाका हे म्हणाली तेव्हा तिचा बाप आमच्या दोघांच्या मध्ये, जमिनीवर, पांढऱ्या चादरीखाली होता. तिने आवाज चढवला नव्हता. रडून रडून तो बसलाच होता. पण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो होतो आणि प्रत्येक वेळी ते त्या चादरीखालच्या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. पोरीने नाक-डोळे आईचे घेतले होते, जीभ मात्र बापाची.

मे महिन्यातली दुपार होती. सांगलीतलं विश्रामबागेतलं प्रल्हादचं घर माणसांनी भरलं होतं. बाहेर फाटकापाशी बांबू आले होते आणि सुतळी सोडवायचं काम चाललं होतं. तासगावहून एसटीने मी नुकताच येऊन पोचलो होतो. चपला काढल्या, प्रल्हादच्या पायांवर डोकं ठेवलं आणि डोळे पुसायच्या आधी बोलून टाकलं. नंतर धीर झाला नसता.

"शलाका, ती तिरडी थांबवायला सांग. तुझ्या बाबांना देहदान करायचं होतं. येताना वाटेतून मी मेडिकल कॉलेजात फोन करून विचारलंय. आधी नोंदणी नसली तरी चालतं. तू हो म्हटलंस की ते गाडी पाठवतात. फक्त फार उशीर करून भागणार नाही."

एवढंच मी बोललो होतो. त्यावर तिचं ते उत्तर आलं.

प्रल्हादचे थोरले भाऊ आप्पासाहेब भिंतीला टेकून बसले होते. गावाकडचे, शेतीतले, पटका बांधणारे. ते उठून उभे राहिले.

"गुरव न्हवं तुमी?" ते म्हणाले. "देवाचा नैवेद्य खाऊन वाढलेला माणूस. तुमच्या तोंडी ही भाषा शोभती व्हय?"

"आप्पा, ही माझी इच्छा नव्हे. त्याची आहे."

"त्यो तर आता बोलत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले.

त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी खरोखरच गुरव. नोकरी वीज मंडळात केली, पण गावच्या सिद्धनाथाची पूजा वंशपरंपरेने आमच्या घरात आहे आणि माझ्या पाळीचा दिवस मी कधी चुकवला नाही. देव आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही. पाणी ओलं आहे याची शंका येत नाही, तशी. आणि प्रल्हाद घोरपडे, माझा कॉलेजच्या होस्टेलपासूनचा मित्र, हा पक्का नास्तिक. जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होता. दावे, कैफियती, साक्षी यांत जन्म गेलेला. "नाव प्रल्हादाचं आणि काम हिरण्यकश्यपूचं," असं मी त्याला म्हणायचो. तो म्हणायचा, "खांबातून निघाला तर मलाही बोलव. बघायला येतो."

निवृत्त झाल्यावर आमच्या वर्गातल्या उरल्यासुरल्या मंडळींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. सगळे ग्रुप करतात तसा, शुभ सकाळ आणि गुडघेदुखीवरचे उपाय पाठवायला. त्यात प्रल्हादने देवाचा विषय काढला आणि ग्रुपला कंठ फुटला. नावही त्यानेच बदललं : 'पुरावा द्या'. त्याचा नियम एकच, ज्याचा दावा त्याचा पुरावा. देव आहे असं तू म्हणतोस, तर दाखव. नाही हे सिद्ध करायची जबाबदारी माझी नाही. मी सिद्धनाथाच्या अंगाऱ्याने माझ्या बहिणीचा ताप उतरल्याचं लिहिलं. त्याने उलट विचारलं, "अंगारा लावूनही ज्यांचा ताप उतरला नाही, त्यांची यादी कोण ठेवतो?" मला इतका राग आला, की मी ग्रुपमधून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी प्रल्हाद एसटीने तासगावात हजर. हातात भडंगाचा पुडा. जेवला, पान खाल्लं आणि म्हणाला, "भाल्या, वाद जिंकून माणूस घालवायचा नाही मला. आपण असं करू. चिठ्ठ्या टाकू."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"आस्तिक, नास्तिक. दर सोमवारी तू काढायच्या. ज्याला जी बाजू येईल ती त्यानं आठवडाभर लढवायची. वकील नाही का, आज फिर्यादीचा, उद्या आरोपीचा? दुसऱ्याच्या बाजूनं भांडल्याशिवाय आपली बाजू कळत नाही."

अशी ती पद्धत पडली. सोमवारी सकाळी पूजा झाली, की मी पितळेच्या तबकात चिठ्ठ्या टाकायचो, एकेकाच्या नावाने उचलायचो आणि ग्रुपवर फोटो पाठवायचो. आणखी एक नियम होता, तोही प्रल्हादचाच. 'हे माझं खरं मत नाही बरं का' अशी मखलाशी करायची नाही. जी बाजू आली ती जीव ओतून मांडायची. आमच्यातल्या नसीमा तांबोळी, निवृत्त शिक्षिका, पंच असायच्या. एकदा रमजानात त्यांनाच नास्तिकाची चिठ्ठी आली. त्यांनी लिहिलं, "चालेल, पण रोजा सोडल्यावर. तोपर्यंत मी आस्तिक." आणि मग देवाविरुद्ध असं काही झणझणीत लिहिलं, की प्रल्हादनेच त्यांना फोन करून विचारलं, "बाई, बऱ्या आहात ना?"

हसत-खेळत चाललेलं प्रकरण होतं सगळं. म्हाताऱ्या माणसांना आठवडाभर काहीतरी करायला मिळालं होतं, आणि सोमवारची वाट पाहायला लागलो होतो आम्ही.

तर त्या दुपारी मी शलाकाला म्हणालो, "पुरावा काय मागतेस? त्याची मतं तुला ठाऊक नाहीत? सगळा ग्रुप भरलाय."

"ठाऊक आहेत ना." तिने उशाशी ठेवलेला त्याचा मोबाइल उचलला. "ग्रुपच वाचत बसलेय सकाळपासून. आणखी काय करू? हे बाबांनी मागच्या आठवड्यात लिहिलंय. तुम्हालाच उद्देशून. वाचू?"

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो.

"आप्पाकाकांना माहीत नाही." आणि तिने मोठ्याने वाचलं.

"कुमुद करोनात गेली तेव्हा दवाखान्यानं तिला प्लॅस्टिकमध्ये बांधून परस्पर नेलं. तोंडात पाणी घालता आलं नाही की तिच्या नावानं पान मांडता आलं नाही. मी कोर्टातला माणूस. मनाला बजावलं, मेलेल्याला भूक नसते. तरी जेवायला बसलो की पहिला घास आजही हातात थांबतो. पुरावा मागणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, भालचंद्रराव. भुकेलेला माणूस पुरावा मागत नाही, ताट मागतो. मी गेलो की माझं पान मांडा. कावळा येवो न येवो, मांडा."

आप्पासाहेबांनी पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. "बगा," ते म्हणाले, "आनी काय पायजे?"

"अरे, पण त्या आठवड्यात त्याला आस्तिकाची चिठ्ठी आली होती!" मी जवळजवळ ओरडलोच. "फोटो आहे बघ वर. मीच काढली होती ती. मला नास्तिकाची आली होती. तो नुसती बाजू लढवत होता, शलाका!"

"पाहिला फोटो." तिने मोबाइल खाली ठेवला. "मग देव नाही, आत्मा नाही, हे सगळं बाबा लिहायचे तेही चिठ्ठी आली म्हणूनच ना? ते कसं खरं धरायचं आणि हे कसं खोटं? तुम्हीच सांगा, काका."

प्रल्हादनेच घातलेल्या नियमाने त्याचा शब्द कुठे खरा आणि कुठे खेळातला, हे कळायची सोय ठेवली नव्हती. नसीमाबाई दारापाशी उभ्या होत्या. मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याशी ते देहदानाचं कधी बोलले नाहीत, भालचंद्रराव," त्या म्हणाल्या. "खोटं कशी सांगू?"

मग मी प्रल्हादने मला केलेल्या फोनचं सांगितलं. सांगताना माझंच मला जाणवत होतं, की हे फार लंगडं वाटतंय.

तो लेख आला त्या रविवारी नसीमाबाईंनी निकाल दिला होता, "गुरव हरले. मला रडू आलं." त्या लेखाला उत्तर म्हणून मी, नास्तिकाच्या बाजूने, लिहिलं होतं, "कावळ्याला भूक लागली की तो येतो, पोट भरलेलं असलं की येत नाही. यात आत्मा कुठे आला? पुरावा द्या." लिहिताना मला स्वतःची लाज वाटली होती. हरलो तेव्हा उलट बरंच वाटलं. थोड्या वेळाने प्रल्हादचा फोन आला.

"काय भाल्या? कसा धुतला तुला?"

"धुतलास. पण लेका, ते घासाचं खरं की काय?"

पलीकडे नळाचं पाणी पडत होतं. तो भांडी विसळत असावा. कुमुदवहिनी गेल्यापासून स्वतःची भांडी स्वतः घासायचा. नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"ते सोड. खरं सांगतो ते ऐक. मी मेलो की मला कॉलेजात नेऊन द्यायचं. पोरं शिकतील. पान नाही, पिंड नाही, तुझा कावळा तर नाहीच. हे चिठ्ठीतलं नव्हे, माझं."

"मग शलाकाला सांग की."

"काय सांगू तिला? आईला तसं नेलं. व्हिडिओवर तोंड पाहिलं पोरीनं. आता म्हणू, मलाही असाच उचलून देऊन टाक? पावसाळा जाऊ दे. हळूच सांगतो. नोंदणीही करतो. मध्येच काही झालं तर तू आहेसच."

"माझं कोण ऐकणार?"

"तुझंच ऐकतील, लेका. कोर्ट कुणाचं ऐकतं? ज्याला खोटं बोलून फायदा नाही त्याचं. गुरवानं सांगितलं, विधी नकोत, तर त्यात त्याचा काय फायदा? तुझ्याइतका चांगला साक्षीदार मला मिळायचा नाही. घे शपथ."

"कुणाची घेऊ? तू कुणाला मानत नाहीस."

"तू मानतोस ना? तुझ्या सिद्धनाथाची घे."

आणि मी घेतली. देवघरासमोर उभा राहून, मोबाइल कानाला लावून. हसण्यावारी नेली नाही. माझ्या आयुष्यात सिद्धनाथाची शपथ मी त्याआधी एकदाच घेतली होती, वडिलांच्या शेवटच्या दिवसांत.

हे सगळं मी शलाकाला सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने चादरीची सुरकुती सरळ केली.

"फोन रेकॉर्ड झालाय?"

"नाही गं."

"बाबांनी आणखी कुणाला सांगितलं?"

"नाही. पण मी शपथ घेतलीय, शलाका. सिद्धनाथाची."

"बाबा म्हणायचे, शपथ म्हणजे पुरावा नव्हे." एवढं बोलून ती थांबली आणि मग तिचा बांध फुटला. "काका, आईला मी हात लावला नाही हो. कुठे जाळलं तेही धड कळलं नाही. त्यावर बाबांनी काही करू दिलं नाही, ना तेरावं ना वर्षश्राद्ध. मी गप्प बसले. आता बाबांनाही गाडीत घालून पाठवू? कशाच्या जोरावर? तुमच्या एका फोनच्या? आणि उद्या कळलं की ते लिहिलेलंच खरं होतं, तर मी काय करू? कुणाला विचारायला जाऊ?"

ती खोटं बोलत नव्हती आणि मीही खोटं बोलत नव्हतो. आमच्या मध्ये पडलेला माणूस तेवढा सांगू शकला असता. मी हात जोडले, पुन्हा एकदा सांगून पाहिलं. आप्पासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पावनं, आता बास करा," ते हळू म्हणाले. "खांदा द्या."

मी खांदा दिला. रस्त्याने चालताना मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. तुझाच कायदा, लेका, तुझ्याच गळ्याला लागला. चांगला साक्षीदार म्हणे! अग्नी शलाकाने दिला. मुलीने अग्नी देण्याला भावकीतून कुरकुर झाली, पण तिथे ती कोणाला बधली नाही. ज्वाळा वर गेल्या तेव्हा मी मान खाली घातली. माझ्या देवाच्या नावाने दिलेला शब्द माझ्या डोळ्यांसमोर जळत होता.

त्यानंतर गावी माझी पूजेची पाळी आली. सिद्धनाथाला पाणी घातलं, गंध लावलं, पण वर पाहवलं नाही. शपथ मोडणाऱ्याचं काय होतं हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती प्रल्हादची होती. तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाची कसली भीती? माझा विश्वास आहे हो. इच्छा राहिलेला माणूस सुटत नाही, असं मी मानतो. ज्याचा आत्म्यावर विश्वास नव्हता त्याचाच आत्मा अडकून पडला असेल, हा विचार एखाद्याला हसण्यासारखा वाटेल. मला तो जेवू देत नव्हता.

दहाव्याला मी सांगलीला गेलो. कृष्णेच्या घाटावर सकाळीच ऊन चटके देत होतं. नदी आटून पायऱ्यांपासून दूर गेली होती. गुरुजींनी पिंडाचे विधी शलाकाकडून करून घेतले. शेजारी पान मांडलं होतं. भात, वडे, दही, मूठभर भडंग आणि कागदी कपात बिनसाखरेचा चहा. तो चहा पाहून मला भडभडून आलं. डॉक्टरने साखर बंद केल्यापासून प्रल्हाद चहाला 'नास्तिक चहा' म्हणायचा.

आम्ही सगळे लांब जाऊन हात जोडून उभे राहिलो. कठड्यावर दोन कावळे बसले होते. एकाने मान वाकडी करून पानाकडे पाहिलं, दोन उड्या मारल्या आणि मागे फिरला. पलीकडे दुसऱ्या एका घरचा दहावा चालला होता. त्यांचा पिंड ठेवायचा अवकाश, कावळ्याने चोच घातली. त्यांची माणसं हात जोडून, हलकी होऊन निघून गेली. आमचं पान तसंच राहिलं. उन्हाने दह्याला पाणी सुटलं.

"कायतरी ऱ्हायलंय," कोणीतरी कुजबुजलं.

आप्पासाहेब पुढे झाले. "पल्या," ते मोठ्याने म्हणाले, "लेकीची काळजी करू नगंस. मी हाय." कावळा हलला नाही. "रानातला तुझा वाटा तिच्या नावावर करून देतो. ह्या कृष्णामाईच्या साक्षीनं." हे ऐकून त्यांच्या मुलाचा चेहरा पडला, पण कावळ्यावर काही परिणाम झाला नाही. मग शलाका म्हणाली, "बाबा, मी नीट राहीन. वेळेवर जेवेन." कावळे कठड्यावर चोची घासत बसले.

घाट अगदी गप्प झाला. पाण्याच्या कडेच्या बाभळीतून एक कोकीळ तेवढा ओरडत होता. गुरुजींनी सूर्याकडे पाहिलं. आणि शलाका तापलेल्या पायऱ्यांवरून अनवाणी माझ्याकडे चालत आली. चेहरा पांढरा पडला होता.

"भालूकाका," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी सांगत होतात... ते खरं होतं का हो?"

मी कठड्यावरच्या कावळ्यांकडे पाहिलं.

"म्हणून शिवत नाही का?" तिने माझा दंड धरला. "खरं सांगा. मी बाबांना... मी जाळायला नको होतं का?"

माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कावळा शिवत नव्हता तो म्हणूनच शिवत नव्हता. प्रल्हाद तिथेच कुठेतरी होता आणि पानाकडे पाठ फिरवून उभा होता. त्याचा हेकटपणा मी ओळखत होतो. इतकी वर्षं तो माझ्याकडे पुरावा मागत आला, आणि आज पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कठड्यावर बसला होता. आत्म्याचाही आणि माझ्या शब्दाचाही. त्या घाटावर एकही माणूस असा नव्हता, की ज्याने तो मानला नसता. आप्पासाहेबांनी माझे पाय धरले असते. मी फक्त 'होय' म्हणायचं होतं.

आणि मग? राख त्याच नदीत गेली होती. कॉलेजात न्यायला काही उरलं नव्हतं. त्या 'होय'ने प्रल्हाद सुटला नसता आणि ही पोर मात्र जन्माची अडकली असती. आईला हात लावता आला नाही, आणि बापाला लावला तो त्याच्या मनाविरुद्ध, एवढं उशाशी घेऊन ती कशी झोपणार होती?

त्या आठवड्यात चिठ्ठ्या काढल्या नव्हत्या. मी माझी मीच उचलली.

"वेडी आहेस का?" मी म्हणालो. "तो कोकीळ ऐकतेस?"

"हं?"

"वीज मंडळात सगळी नोकरी कावळ्यांशी भांडण्यात गेली माझी. मे महिन्यात खांबाखांबावर यांची घरटी. तारा आणून घालतात, लाइन ट्रिप होते. हे दिवस त्यांच्या पिल्लांचे. कोकीळ असा ओरडून कावळ्याला घरट्यावरून उठवतो आणि कोकिळा जाऊन त्यात आपलं अंडं घालते. म्हणून कोकीळ ओरडायला लागला की कावळा घरट्यावर नजर ठेवून बसतो, जागचा हलत नाही. समोर पंचपक्वान्न ठेव, तरी नाही. आणि आत्ताच त्या लोकांच्या पिंडावर पोट भरलंय त्यांचं. कावळ्याला भूक लागली की तो येतो, पोट भरलेलं असलं की येत नाही. यात आत्मा कुठे आला?"

मी हे बोलत होतो आणि खांबाखाली ठेवलेल्या लाइनमनच्या डब्यातून भाकरी पळवणारी कावळी मला दिसत होती. पिल्लं असली की कावळा दुप्पट हावरा होतो.

"पण मग बाबांनी फोनवर..."

"फिरकी घेतली त्यानं माझी. वाद हरलेल्या माणसाला छळायची सवयच होती त्याला. तुला माहीत नाही का तुझा बाप? मी मूर्ख, खरं धरून बसलो." मी दंडावरचा तिचा हात थोपटला. "लिहिलं ते खरं होतं. पान मांडा म्हणाला, तू मांडलंस. कावळा येवो न येवो, असंही त्यानंच लिहिलंय. झालं की मग."

तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. बापासारखंच, साक्षीदार तपासल्यासारखं.

"नक्की ना, काका? पुरावा?"

त्याच वेळी बाभळीतून कोकीळ पुन्हा ओरडला. मी नुसतं बोट वर केलं. कठड्यावरच्या कावळ्यांनी तिकडे माना वळवल्या.

शलाकाने मोठा श्वास सोडला. माझा दंड सोडला आणि पदराने तोंड पुसलं. "गुरुजी," ती म्हणाली, "तुम्ही तुमचं करा." गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि सगळ्यांना हात जोडायला सांगितले. मीही जोडले. माफी नेमकी कुणाची मागायची ते मला कळत नव्हतं, सिद्धनाथाची की प्रल्हादची, म्हणून दोघांची मागितली. इतक्या वर्षांच्या वादात माझा पुरावा मान्य झाला तो तेवढा एकदाच.

तेराव्याचं जेवण घरीच होतं. आप्पासाहेबांनी मला आग्रहाने आपल्या शेजारी बसवलं. शलाका स्वतः वाढत होती. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसत होतं. भात, वरण, त्यावर तूप. मी घास कालवला, उचलला, आणि तो हातातच थांबला. तोंडापर्यंत जाईना.

नळाचं पाणी बंद केल्यावर फोनवर जी शांतता झाली होती, ती मला पुन्हा ऐकू आली. घासाचं खरं की काय, असं मी विचारलं होतं. 'ते सोड' म्हणाला होता तो. नाही म्हणाला नव्हता.

ग्रुप अजून आहे. सोमवारी आता चिठ्ठ्या निघत नाहीत. शलाका दर मे महिन्यात बापाच्या नावाने पान मांडते आणि मला फोटो पाठवते. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवतो. आणि रोज दोन वेळा, पानावर बसलो की, पहिला घास हातात घेऊन थांबतो.

त्या दिवशी पंगतीत शलाका माझ्यासमोर वाकली होती. हातात तुपाची वाटी होती.

"काका, जेवा ना," ती म्हणाली. "बाबा जेवले असतील आता."

"हो," मी म्हणालो, आणि घास तोंडात घातला.